एक्स्पर्टच्या सहीची रिकामी जागा : डिजिटल फॉरेन्सिक्सचं सर्टिफिकेट आणि आपल्या वस्तीतली पोरं



१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. नव्या फौजदारी कायद्यांबद्दल आपल्या कार्यकर्त्यांमध्ये बरीच चर्चा झाली, पण ती बहुतेक अटक आणि कोठडीच्या तरतुदींवर. या कायद्याच्या अगदी शेवटी एक अनुसूची आहे, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. त्या अनुसूचीत एका सर्टिफिकेटचा नमुना दिलेला आहे. मोबाइलमधला व्हिडिओ, व्हॉट्सअॅपचे मेसेज, सीसीटीव्हीचं चित्रण यांची प्रत कोर्टात पुरावा म्हणून द्यायची असेल, तर कलम ६३ प्रमाणे हा नमुना भरून द्यावा लागतो. त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ एक्स्पर्टने. दोघांच्याही सह्या लागतात.

जुन्या कायद्यातल्या ६५-ब या कलमात एकच सही पुरायची. आता दुसरी सही आली. आणि हा एक्स्पर्ट म्हणजे नेमका कोण, त्याचं शिक्षण किती, त्याच्याकडे कोणतं प्रमाणपत्र हवं, हे त्या नमुन्यात लिहिलेलं नाही.

मी सिरसाळ्यात राहते, परळी आणि शेजारच्या तालुक्यांत काम करते. जातीय अत्याचाराची तक्रार घेऊन माणसं येतात तेव्हा आता कागद कमी आणि मोबाइल जास्त असतो. ‘ताई, सगळं यात आहे बघा.’ आत खरंच सगळं असतं. शिवीगाळ रेकॉर्ड असते, मारहाणीचा व्हिडिओ असतो, गावच्या ग्रुपवर टाकलेली पोस्ट असते. प्रश्न पुढचा आहे. हे कोर्टात टिकेल अशा रीतीने बाहेर कोण काढणार? भाग ‘ब’वर सही कोण करणार? माझ्या माहितीतल्या एकाही वस्तीत या कामाचं शिकलेला मुलगा किंवा मुलगी नाही. बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेली आहेत, बीसीए झालेली आहेत, मोबाइल दुरुस्तीची दुकानं आहेत. या विषयाकडे मात्र कुणी वळलेलं नाही. म्हणून हा लेख.

जालन्याचा निकाल

हा मुद्दा किती वजनदार आहे ते कळायला लांब जायला नको. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातूनच या विषयावरचा देशातला सर्वांत महत्त्वाचा निकाल आला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज ठरलेल्या वेळेनंतर, म्हणजे दुपारी तीननंतर दाखल झाला, असा आक्षेप घेऊन प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं. पुरावा काय होता? निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रण. ते सीडीवर मिळालं, पण त्यासोबत लागणारं ६५-ब चं सर्टिफिकेट पुन्हा पुन्हा मागूनही मिळालं नाही.

उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नियम पक्का केला. प्रत दाखल करायची असेल तर सर्टिफिकेट हवंच, तोंडी साक्षीने ती उणीव भरून निघत नाही. मूळ उपकरणाचा मालक ते उपकरण घेऊन स्वतः साक्षीला उभा राहिला तर गोष्ट वेगळी. आणि ज्याने सर्टिफिकेट मिळवण्यासाठी हातातलं सगळं केलं, तरी समोरच्या कार्यालयाने दिलंच नाही, त्याच्यावर अशक्य गोष्टीचं ओझं टाकता येणार नाही, हेही न्यायालयाने सांगितलं. हा शेवटचा भाग आपल्या कामाचा आहे. मागणी लेखी केली होती का, तिची पोच आहे का, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

तो वाद दोन पुढाऱ्यांमधला होता. त्यांच्याकडे मोठे वकील होते. ऊसतोडीला गेलेल्या बापाच्या मागे घरी राहिलेल्या पोरीने शूट केलेल्या व्हिडिओसाठीही नियम तोच आहे.

मशीनच्या पोटात काय असतं

डिजिटल फॉरेन्सिक्सला सरकारी मराठीत न्यायसहायक विज्ञानाची एक शाखा म्हणतात. नाव जड आहे, काम समजायला सोपं आहे. घटनास्थळाचा पंचनामा करताना पोलिसांनी वस्तू हलवायच्या नसतात, तसं इथे मोबाइल किंवा हार्ड डिस्कमधला एक कणही न हलवता तिची हुबेहूब प्रत काढायची आणि पुढचा सगळा तपास त्या प्रतीवर करायचा. या प्रतीला इमेज म्हणतात. आपण पेन ड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करतो ती इमेज नव्हे. कॉपी-पेस्टमध्ये दिसणाऱ्या फाइली येतात. इमेजमध्ये पुसलेलं, रिकामं दिसणारं, अर्धवट राहिलेलं, सगळं येतं. प्रत काढताना मूळ डिस्कवर चुकूनही काही लिहिलं जाऊ नये म्हणून मध्ये राइट ब्लॉकर नावाचं यंत्र जोडतात. ते वाचू देतं, लिहू देत नाही.

पुसलेलं परत कसं मिळतं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. फाइल डिलीट केली की बहुतेक वेळा पुस्तकाचं पान फाटत नाही, अनुक्रमणिकेतली ओळ खोडली जाते. त्या पानावर दुसरं काही छापलं जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो. दुसरं छापलं गेलं तरी कोपरा उरतो. ट्रॉलीत नवी खेप अर्धीच भरली तर मागच्या खेपेची चिपाडं तळाला तशीच राहतात ना, तसं. या उरलेल्या कोपऱ्याला परीक्षेच्या भाषेत स्लॅक स्पेस म्हणतात आणि त्यावर हमखास प्रश्न असतो. आजकालच्या मोबाइलमध्ये मात्र माहिती कुलूपबंद असते, शिवाय मेमरी स्वतःच रिकाम्या जागा साफ करत राहते. त्यामुळे तिथे हे काम पुष्कळ अवघड झालं आहे. ‘काहीही रिकव्हर करून देतो’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता हॅश. हा शब्द पाठ करून ठेवा, कारण अनुसूचीतल्या नमुन्यात तो मागितलेला आहे. फाइल कितीही मोठी असो, तिच्यावर एक ठरलेलं गणित चालवलं की अक्षर-अंकांची एक ठरावीक लांबीची ओळ मिळते. एसएचए-२५६ पद्धतीने काढली तर ती ६४ अक्षरांची असते, एमडी-५ ने काढली तर ३२ अक्षरांची. तीच फाइल, तीच पद्धत, तर दहा वर्षांनीही तीच ओळ. व्हिडिओत एक क्षण कापला, मजकुरात एक वेलांटी बदलली, की ओळ पूर्ण वेगळी. फाइलीचा अंगठाच म्हणा ना. जप्तीच्या दिवशी घेतलेला अंगठा आणि कोर्टात उघडताना घेतलेला अंगठा जुळला, तर मध्ये कुणी हात लावला नाही हे सिद्ध होतं. नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ आणि ‘इतर’ असे पर्याय छापलेले आहेत. विंडोजच्या कॉम्प्युटरवर पॉवरशेल उघडून ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा दिली की हा आकडा फुकट मिळतो. यासाठी एक्स्पर्ट लागत नाही.

आपल्या माणसांच्या खटल्यांत हे कुठे आलं

मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांचा मे २०१९ मध्ये मृत्यू झाला. चिठ्ठीचा मूळ कागद मिळाला नाही. मोबाइलच्या न्यायसहायक तपासणीत त्या चिठ्ठीचे फोटो मिळाले आणि ते आरोपपत्रात आले. कागद नाहीसा करता येतो. फोटो पुसता येतो, पण त्याची खूण राहू शकते.

आपल्याच जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. त्या खटल्याच्या आरोपपत्रातले व्हिडिओ आणि फोटो मार्च २०२५ च्या सुरुवातीला लोकांसमोर आले तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. त्याच डिसेंबरात परभणीला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, नंतर धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या दिवसांत परभणीच्या वस्त्यांमधले किती व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले ते आठवा. आणि आता स्वतःला विचारा, त्यातला एक तरी मूळ फाइलीच्या रूपात, शूट करणाऱ्याच्या नावासह, हॅशसह तुमच्याकडे आहे का?

पण हे तंत्र फक्त फिर्यादीच्या बाजूने चालत नाही, हे भीमा कोरेगाव प्रकरणाने शिकवलं. जून २०१८ मध्ये सुधीर ढवळे, सुरेंद्र गडलिंग, रोना विल्सन, शोमा सेन, महेश राऊत यांना अटक झाली. खटल्याचा मोठा भाग जप्त कॉम्प्युटरांमधल्या पत्रांवर उभा आहे. न्यायालयामार्फत आरोपींना डिस्कच्या प्रती मिळाल्या. बचाव पक्षाने विल्सन यांच्या कॉम्प्युटरची प्रत अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीकडे तपासायला दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचा पहिला अहवाल बाहेर आला. नेटवायर नावाच्या घुसखोर सॉफ्टवेअरने जून २०१६ मध्येच कॉम्प्युटरचा ताबा घेतला होता, पुढे सुमारे बावीस महिने तो बाहेरून हाताळला जात होता आणि पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही पत्रं त्या कॉम्प्युटरवर कधी उघडून वाचल्याची खूण त्यांना मिळाली नाही. इतकंच नव्हे, तर काही पत्रं ज्या वर्डच्या आवृत्तीत तयार झाली होती ती आवृत्ती त्या कॉम्प्युटरवर नव्हतीच. राष्ट्रीय तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही. ढवळे आणि विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे साडेसहा वर्षांनी जामीन दिला, तोही मुख्यतः लांबलेल्या तुरुंगवासाच्या मुद्द्यावर.

कोण खरं ते न्यायालय ठरवेल. मला दिसते ती गोष्ट वेगळी आहे. ‘ही पत्रं इथे कशी आली’ हे वाचू शकणारा माणूस शोधायला बचाव पक्षाला अमेरिकेत जावं लागलं.

सर्टिफिकेट कोणकोणती

बाजारात दोन प्रकारची सर्टिफिकेटं आहेत. एक सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीच देते, म्हणजे ‘आमचं हत्यार याला नीट वापरता येतं’ असं सांगते. दुसरी कुठल्याही एका सॉफ्टवेअरला न बांधलेली.

पहिल्या प्रकारात सर्वांत जुनं नाव एनकेसचं. गायडन्स सॉफ्टवेअर या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने ते काढलं, २०१७ मध्ये ओपनटेक्स्टने ती कंपनी विकत घेतली. एनकेस सर्टिफाइड एक्झामिनर, थोडक्यात एनसीई, या प्रमाणपत्राचा दबदबा पोलीस, बँका आणि ऑडिट कंपन्यांत आहे. अर्ज करायला चौसष्ट तासांचं मान्य प्रशिक्षण किंवा बारा महिन्यांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो. परीक्षा दोन टप्प्यांत होते. पहिल्यात बहुपर्यायी प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ८० टक्के. दुसरा टप्पा खरा. एका बनावट गुन्ह्याची इमेज तुमच्या हाती देतात आणि साठ दिवसांत तपास करून उत्तरं लिहून पाठवायची, ८५ टक्के लागतात. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, नंतर नवं शिक्षण दाखवून वाढवून घ्यायचं. नियम कंपनी अधूनमधून बदलते, म्हणून पैसे भरण्याआधी तिच्या संकेतस्थळावरची त्या दिवशीची माहिती वाचा. एजंटची ऐकू नका.

एफटीके हे दुसरं सॉफ्टवेअर. ते अॅक्सेसडेटाचं होतं, आता एक्सटेरो कंपनीकडे आहे, आणि त्याचं प्रमाणपत्र एसीई. मोबाइलच्या कामात इस्रायलच्या सेलेब्राइटचं राज्य आहे. त्यांचं ऑपरेटरचं प्रमाणपत्र आधी, विश्लेषकाचं नंतर अशी शिडी आहे. कॅनडाच्या मॅग्नेट फॉरेन्सिक्सचं अॅक्झिऑम आणि त्याचं एमसीएफई हे अलीकडे जोरात आहे. आपल्या सरकारच्या सी-डॅकने तिरुवनंतपुरमला सायबरचेक हे देशी सॉफ्टवेअर तयार केलं आहे आणि ते भारतातल्या तपास यंत्रणा वापरतात. याची चर्चा कमी होते, व्हायला हवी.

दुसऱ्या प्रकारात ईसी-काउन्सिलचं सीएचएफआय भारतात सर्वांत जास्त विकलं जातं. विकलं जातं हा शब्द मी जाणून वापरते आहे. दीडशे बहुपर्यायी प्रश्न, चार तास. शब्द पाठ होतात, पण डिस्क हातात न घेताही पास होता येतं, असं माझं मत आहे. जीआयएसी या संस्थेची जीसीएफई, जीसीएफए ही प्रमाणपत्रं दर्जेदार आणि तितकीच महाग.

महाग म्हणजे किती? परीक्षेची फी डॉलरमध्ये असते. तिच्याआधीचं कंपनीचं अधिकृत प्रशिक्षण धरलं तर खर्च लाखांच्या घरात जातो. सॉफ्टवेअरचं लायसन्स वेगळं, आणि ते हाताशी असल्याशिवाय प्रात्यक्षिकाची तयारी होत नाही. सेलेब्राइटसारखी साधनं तर मुख्यतः सरकारी यंत्रणांनाच विकली जातात. म्हणजे ज्याच्या कंपनीने किंवा खात्याने पैसे भरले त्यालाच हे सोपं. समाजशास्त्र शिकताना ‘पात्रता’ हा शब्द आम्ही खूप उलटसुलट करून पाहिला होता. प्रमाणपत्र ज्ञान मोजतं तसं ते त्याच्यामागचा पैसा आणि ओळखीही मोजतं. आपल्या पोरांनी हे डोळ्यांसमोर ठेवूनच यात उतरावं, पण उतरावं.

उलट्या क्रमाने जा

माझा सल्ला असा की सुरुवात सर्टिफिकेटपासून करूच नका. हात आधी बसू द्या.

एफटीके इमेजर हे इमेज काढण्याचं साधन फुकट मिळतं. ऑटोप्सी हे तपासाचं पूर्ण सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे. ब्रायन कॅरियर या अभ्यासकाने सुरू केलेलं हे काम आज जगभरचे विद्यार्थी वापरतात. आठ-दहा जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. जुना चार जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावर फोटो टाका, पुसा, इमेज काढा, ऑटोप्सीमध्ये उघडा. पुसलेले फोटो समोर येतात तेव्हा जे कळतं ते कुठल्याही क्लासमध्ये कळत नाही.

मग शिक्षण मान्यताप्राप्त ठिकाणी घ्या. छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, तशाच मुंबई आणि नागपूरलाही आहेत. तिथे न्यायसहायक विज्ञानाची पदवी, पदव्युत्तर पदवी आणि डिजिटल-सायबर फॉरेन्सिक व संबंधित कायद्याचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी मराठवाड्यातल्या आपल्या माणसांनी घरं जळताना पाहिली, त्याच्या परिसरात केंद्र सरकारच्या नायलिटचं केंद्र आहे. सी-डॅकचा सायबर सिक्युरिटी आणि फॉरेन्सिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ गांधीनगरला आहे आणि त्याचा एक परिसर गोव्यात आहे.

इथे आपल्या योजना उपयोगी पडतात. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र बारावीतच काढून ठेवा, प्रवेशाच्या आठवड्यात धावाधाव नको. परदेशी कंपनीच्या परीक्षेची फी मात्र या योजनांत बसत नाही. तिथे समाजाने उभं राहायचं आहे. १४ एप्रिलला एका गावात डीजेवर जे जातं त्याबद्दल मी दरवर्षी बोलते आणि दरवर्षी शिव्या खाते. यंदा फक्त एवढंच म्हणते, तालुक्यातल्या पाच जयंती मंडळांनी एका दिवसाचा डीजे कमी केला तर एका मुलीच्या परीक्षेची फी निघते.

सर्टिफिकेट शेवटी घ्या, आणि एकच घ्या. सरकारी प्रयोगशाळेत वैज्ञानिक सहायक व्हायचं असेल तर भरतीत पदवी पाहिली जाते, कंपनीचं प्रमाणपत्र तिची जागा घेत नाही. खासगी कंपनीत मात्र तेच दार उघडतं. बँकांतली फसवणूक, कंपन्यांमधली माहितीचोरी यांचं काम पुण्या-मुंबईत भरपूर आहे. आपल्या पोरांनी पोट भरायला तिकडे जावं, त्यात काही वावगं नाही. कोर्टात एक्स्पर्ट म्हणून उभं राहायचं असेल तर पदवी, प्रमाणपत्र आणि केलेल्या कामाची नोंद, या तिन्हींवर उलटतपासणी होते. आणि सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९-अ कलमाखाली अधिसूचित केलेल्या प्रयोगशाळांच्या मताचं स्थान वेगळं आहे, तो मान वैयक्तिक सर्टिफिकेटने मिळत नाही, हेही समजून घ्या.

इंग्रजीची भीती वाटते हे मला माहीत आहे. परीक्षा इंग्रजीतच आहेत. पण कादंबरीचं इंग्रजी लागत नाही, दोन-तीनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. एक वही करा, डावीकडे शब्द, उजवीकडे मराठीत अर्थ आणि पेन ड्राइव्हवर स्वतः पाहिलेलं उदाहरण. उलट एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. अंबाजोगाईच्या कोर्टात साक्ष मराठीत होते. हॅश म्हणजे काय हे पंचाला, वकिलाला, न्यायाधीशांना साध्या मराठीत सांगू शकणारा एक्स्पर्ट तिथे दुर्मीळ आहे.

तोवर काय करायचं

सर्टिफिकेट मिळायला दोन-तीन वर्षं जातील. घटना त्याची वाट पाहत नाही. म्हणून कार्यकर्त्यांना हे आजच ठाऊक हवं.

शूट केलेला मोबाइल हाच मूळ पुरावा आहे. तो विकू नका, रिसेट करू नका, नवीन घेतला तरी जुना जपा. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी, कुठे, कोणत्या मोबाइलवर शूट झाला ही आतली माहिती निघून जाते. मग हॅशही बदलतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ फाइल मूळ मोबाइलमध्येच राहू द्या. व्हिडिओवर गाणं, निळा झेंडा, नाव काही चढवू नका. भावना समजते, पण ती प्रत प्रचाराची झाली, पुराव्याची राहिली नाही. काही डिलीट झालं असेल तर रिकव्हरीचं अॅप टाकू नका. अॅप उतरतं तेव्हा ते नेमकं त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेवरच बसू शकतं.

सीसीटीव्हीचं चित्रण काही आठवड्यांत, कधी काही दिवसांत, आपोआप पुसून त्यावर नवं चढतं. म्हणून पेट्रोल पंप, दुकान, ग्रामपंचायत, पोलीस ठाणं, जिथे कॅमेरा असेल तिथे तारीख आणि वेळ घालून ‘हे चित्रण जतन करा’ असा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. जालन्याचा निकाल आठवा. पोच हाच उद्याचा आधार.

पोलिसांनी मोबाइल जप्त केला तर पंचनाम्यात कंपनी, मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक लिहिला का ते पाहा. हॅश मागा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं आहे. कलम १७६ प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं आहे, राज्याने ती तरतूद लागू केल्याच्या तारखेपासून. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ मध्ये तर या गुन्ह्यांच्या कामकाजाचं चित्रीकरण करण्याची तरतूद २०१६ पासून लागू आहे. हे अर्जात लिहून मागायचं असतं.

आणि एक सावधगिरी शिकणाऱ्यांसाठी. दुसऱ्याचा मोबाइल त्याच्या संमतीशिवाय उघडणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, मग हेतू कितीही चांगला असो. पीडिताच्या मोबाइलवरही स्वतः प्रयोग करू नका. तुम्ही हात लावलात की तुम्ही साक्षीदार झालात, आणि समोरचा वकील पहिला प्रश्न तुम्हालाच विचारेल. सराव सरावाच्या इमेजवर करायचा.

अशा इमेज फुकट मिळतात. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने सीएफरेड्स नावाचा साठा खुला ठेवला आहे. त्यातलं ‘हॅकिंग केस’ हे प्रकरण घ्या. गोष्ट अशी रचलेली आहे, सप्टेंबर २००४ मध्ये एक डेल लॅपटॉप बेवारस सापडतो, सोबत घरी बनवलेला अँटेना. संशय एकावर आहे, जो स्वतःला मिस्टर ईव्हिल म्हणवतो. लॅपटॉप त्याचाच आहे आणि त्यावर हॅकिंगची साधनं आहेत, हे तुम्ही सिद्ध करायचं. डाउनलोड मोठं आहे, रात्रीच्या नेटवर लावून ठेवा आणि ऑटोप्सीत उघडा. सोबत तीसेक प्रश्नांची यादी आहे. त्यातला पहिलाच प्रश्न असा, या इमेजचा हॅश काय आहे, आणि प्रत काढतानाचा हॅश पडताळणीच्या हॅशशी जुळतो का?